कपबशीला एक, विमानाला एक

साखर कारखान्याची निवडणूक लागली की आमच्या छापखान्यात दोन्ही पॅनेलचं काम येतं. सांगलीत खणभागात धंदा करायचा आणि एकाच बाजूचं काम घ्यायचं, असं जमत नाही. सकाळी कपबशीवाले येऊन नमुना मतपत्रिकेचं प्रूफ तपासून जातात, दुपारी विमानवाले. दोघंही निघताना काउंटरवर वाकून तेच विचारतात, "मालक, त्यांच्या किती निघाल्या?" मी चहा मागवतो.

या नमुना मतपत्रिकांवर प्रचार करणाऱ्यांचा फार जीव. सहकारी संस्थेच्या संचालक मंडळात 21 पर्यंत जागा असतात. त्यात ऊस उत्पादकांचे गट, संस्था गट, महिला राखीव, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास, भटके विमुक्त. मतदाराच्या हातात गटागटाच्या वेगळ्या मतपत्रिका पडतात आणि त्यावर शिक्के मारता मारता म्हातारी माणसं घामाघूम होतात. म्हणून पॅनेलचे सगळे उमेदवार एकच चिन्ह मागून घेतात आणि पत्रकावर मोठ्या टायपात छापतात, 'सर्व मतपत्रिकांवर फक्त कपबशीवरच शिक्का मारा'. 'फक्त' लाल रंगात हवा असा आग्रह असतो. दुसऱ्या रंगाचे पैसे द्यायला मात्र कुरकुर.

एवढं करून पेट्या फुटल्या की पॅनेल टू पॅनेलचे गठ्ठे एकीकडं लागतात आणि क्रॉसचा ढीग दुसरीकडं. सभासदानं गावचा माणूस कपबशीतून घेतलेला असतो, भावकीतली सून विमानातून घेतलेली असते, आणि ज्याच्या माणसांनी ऊसतोडीला महिनाभर टोळी दिली नाही तो बरोबर गाळलेला असतो. पडलेला उमेदवार बिल भागवायला येतो (आलाच तर) आणि म्हणतो, "गद्दारी झाली ओ." मी त्याला पावती देतो. पण मला ती कधी गद्दारी वाटली नाही. 21 शिक्के मारताना 21 वेळा विचार करणारा माणूस गद्दार कसा?

हे सगळं लिहायचं निमित्त माझा भाचा. धाकट्या बहिणीचा मुलगा, वालचंदला मेकॅनिकल केलं, मग मिशिगन. डेट्रॉइटच्या अलीकडं राहतो, गाड्यांच्या कारखान्यात आहे, आता तिथलाच नागरिक. राष्ट्राध्यक्षपदाच्या प्राथमिक फेरीचं, म्हणजे पक्षानं कुणाला उभं करायचं ते ठरवायचं, मतदान तिथं 27 फेब्रुवारी 2024 ला होतं. त्यानंतर फोन आला तेव्हा म्हणाला, "मामा, मी रिपब्लिकनांची मतपत्रिका मागून घेतली."

पोरगा पहिल्यापासून डेमोक्रॅट. घरात वाद झाले की ओबामाचं नाव घेऊन आम्हाला गप्प करणारा. मी म्हटलं, "का रे, पलीकडं गेलास की काय?"

"छे. नोव्हेंबरात आमच्याकडंच. पण आमच्याकडं बायडेनच होते, तिथं ठरवायचं काय राहिलंय? खरी चुरस पलीकडं होती. ट्रम्प नको म्हणून निकी हेलीला दिलं. उद्या आमचा पडला तर निवडून येणारा त्यातल्या त्यात बरा असावा ना."

हेलीबाई मिशिगनात पडल्या, पाव हिश्शाहून थोडी जास्त मतं मिळाली. पण मला भाच्याचं मत कुठं गेलं यापेक्षा ते तसं मागता येतं, याचंच नवल वाटलं. मग मी तिकडची पद्धत वाचत बसलो. मार्चअखेरीच्या हिशेबवह्या छापायच्या पडल्या होत्या, त्या तशाच.

आपल्याकडं उमेदवार कोण हे मुंबईत नाही तर दिल्लीत ठरतं आणि आपल्याला टीव्हीवर कळतं. तिकडंही एकेकाळी पुढारीच बसून ठरवायचे. त्याला वैतागून विस्कॉन्सिनच्या रॉबर्ट ला फॉलेट या गव्हर्नरानं 1903 मध्ये कायदा करून घेतला, की पक्षाचा उमेदवार मतदारच मत देऊन ठरवतील. तेव्हापासून ही पद्धत पसरली, पण राज्याराज्यात नियम निराळे. फ्लोरिडा किंवा पेनसिल्व्हेनियात आधी पक्षाकडं नाव नोंदलेलं असेल तरच त्या पक्षाची मतपत्रिका मिळते. मिशिगनात मतदाराची पक्षनोंदणी हा प्रकारच नाही. राष्ट्राध्यक्षपदाच्या फेरीला कुठल्या पक्षाची हवी ते लिहून द्यायचं आणि घ्यायची. कॅलिफोर्नियानं 2010 च्या जनमतात पक्षाच्या भिंतीच काढल्या: आमदार-खासदारकीच्या फेरीला सगळे उमेदवार एकाच यादीत, पहिले दोन नोव्हेंबरला, मग ते दोघंही एकाच पक्षाचे का असेनात.

भाच्यानं ऑगस्टच्या फेरीची (बाकीच्या पदांची प्राथमिक फेरी तेव्हा असते) नमुना मतपत्रिकाही पाठवली. ती तिकडं सरकारच संकेतस्थळावर ठेवतं (आमच्या धंद्याचं नुकसान). एकाच कागदावर दोन्ही पक्षांचे रकाने शेजारी शेजारी. नावापुढं लंबगोल, तो काळ्या किंवा निळ्या शाईनं भरायचा. वर सूचना, की एकाच पक्षाच्या रकान्यात मत द्या. म्हणजे कुठल्याही पक्षात जा, पण सिनेटर इकडचा आणि खासदार तिकडचा असं निवडलंत तर पक्षीय भागातली सगळी मतं बाद. मी ती मोठी करून बघितली. सूचनेचा टाइप मला बारीक वाटला. दोन रकान्यांत रेघ आहे, पण कपबशीवाल्यांनी असलं प्रूफ पास केलं नसतं. आमच्या सभासदाच्या हातात हा कागद दिला तर अर्धं कोरेगाव बाद होईल, कारण इकडून एक तिकडून एक ही त्याची शिक्का मारायची रीतच आहे.

पलीकडं जाऊन मत देणारे म्हटलं की तिकडच्या पुढाऱ्यांनाही पहिली शंका येते ती घातपाताची. समोरच्यांचा कच्चा गडी मुद्दाम पुढं काढायचा आणि नंतर आपल्यानं त्याला लोळवायचं. आम्हा तालमीवाल्या मुलखात हा डाव कळायला वेळ लागत नाही. 2008 मध्ये रश लिंबॉ नावाच्या रेडिओवाल्यानं तसा उघड पुकारा केला होता, 'ऑपरेशन केऑस' नावानं. डेमोक्रॅटांत ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांची जुंपलीय, तर रिपब्लिकनांनो, जाऊन हिलरींना मतं द्या आणि ही मारामारी लांबवा. इंडियानात हिलरी अगदी थोड्या मतांनी जिंकल्या आणि लिंबॉनं श्रेय घेतलं. उमेदवारी शेवटी ओबामांनाच मिळाली आणि तेच राष्ट्राध्यक्ष झाले. तिकडच्या राज्यशास्त्रवाल्यांनी वर्षानुवर्षं मतदारांना विचारून पाहिलंय. असे खोडसाळ थोडेच निघतात. बहुतेक जण ज्याला मत देतात तो त्यांना खरंच आवडलेला असतो, नाही तर ते भाच्यासारखे, त्यातला कमी वाईट निवडायला गेलेले असतात. मला हे पटतं. दुसऱ्याचं वाटोळं करायला रांगेत तासभर उभं राहणारी माणसं असतात, पण ती कार्यकर्ते असतात. साधा मतदार इतका रिकामा नसतो.

राग मात्र चालतो. मिशिगनचीच 2000 सालची गोष्ट घ्या. रिपब्लिकन पक्षात धाकटे बुश विरुद्ध जॉन मॅकेन. तिथला गव्हर्नर जॉन एंगलर बुश यांच्या पाठीशी ठाम, राज्य बुश यांनाच मिळवून देणार अशी त्याची खात्री. डेमोक्रॅटांची उमेदवारी ठरवायची सभा नंतर मार्चमध्ये आणि वेगळ्या पद्धतीनं, म्हणजे 22 फेब्रुवारीला ते मोकळे. त्यात एंगलरवर त्यांचा जुना राग. गेले की रांगेत. अपक्ष विचाराचे तर गेलेच. त्या दिवशी रिपब्लिकनांच्या फेरीत मत देणाऱ्यांत निम्म्याच्या आसपास लोक स्वतःला रिपब्लिकन म्हणवणारे नव्हते. पक्षाच्या आपल्या माणसांत बुश पुढं, पण राज्य मॅकेनना. आता यातले किती मॅकेन आवडले म्हणून गेले आणि किती एंगलरची जिरवायला, हे कोण वेगळं काढणार? आमच्याकडं एकाच मतात दोन्ही असतं. 'माणूस बरा आहे, आणि त्याचीही जिरेल.'

मला सगळ्यात आवडलेली हकीकत मिसिसिपीची आहे. थॅड कॉक्रन हे रिपब्लिकन, 1978 पासून सिनेटवर निवडून येणारे, निधीवाटपाच्या समितीतले वजनदार. 2014 मध्ये पक्षातूनच क्रिस मॅकडॅनियल हा कडवा गडी उभा राहिला आणि 3 जूनच्या फेरीत थोडा पुढं निघाला. पण अर्ध्याच्या वर कुणीच गेलं नाही, म्हणून 24 जूनला दोघांत पुन्हा मतदान. त्या तीन आठवड्यांत कॉक्रन यांची माणसं गेली ती थेट कृष्णवर्णीय वस्त्यांत, जिथली मतं एरवी डेमोक्रॅटांची. नियम असा होता की 3 तारखेला ज्यानं डेमोक्रॅटांच्या फेरीत मत दिलंय त्याला इथं देता येणार नाही. बाकीचे आले आणि म्हातारा आठ हजारांच्या आतल्या फरकानं तरला. मॅकडॅनियल बराच काळ निकाल मानायला तयार नव्हता.

त्या मतदारांना पक्षद्रोही म्हणणारे मिसिसिपीतही निघाले असतील. पण त्यांचा हिशेब बघा. नोव्हेंबरात तिथं सिनेटवर रिपब्लिकनच जाणार हे शेंबडं पोरगं सांगेल. मग आपल्या मताला किंमत कधी? जूनमध्येच. जिथं एकाच पक्षाचं राज्य असतं, तिथं पक्षाच्या आतली निवडणूक हीच निवडणूक. दक्षिणेत हे फार जुनं दुखणं आहे. टेक्सासात एकेकाळी डेमोक्रॅटांचं असंच एकछत्री होतं आणि त्यांच्या प्राथमिक फेरीत फक्त गोऱ्यांना मत होतं. नोव्हेंबरचं मत काळ्या माणसाला कागदावर होतं, पण तोवर सगळं ठरून गेलेलं असे. ह्यूस्टनचे दाताचे डॉक्टर लॉनी स्मिथ कोर्टात गेले, आणि 1944 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती पद्धत मोडून काढली. जिथं ठरतं त्या खोलीत मला येऊ द्या, एवढंच मागणं होतं.

आता पलूस-कडेगाव. 2019 ची विधानसभा. काँग्रेसचे विश्वजीत कदम मोठ्या मतांनी निवडून आले, त्यात आश्चर्य काही नव्हतं. दुसऱ्या क्रमांकावर आलं 'नोटा', वीस हजारांहून जास्त मतं. माणूस नाही, पक्ष नाही, मशीनवरचं शेवटचं बटण दुसरं आलं. तिथं कदमांशी पिढीजात झुंजणारा देशमुखांचा गट भाजपमध्ये, आणि युतीच्या वाटपात जागा गेली शिवसेनेला. त्या गटाच्या मतदारानं करायचं काय? आपला माणूस यादीत नाही, समोरच्याला द्यायचं नाही, आणि वरून लादलेला ओळखीचा नाही. सगळे वीस हजार त्याच कारणानं गेले असं मी म्हणत नाही. पण मिशिगनात 2024 ला डेमोक्रॅटांच्या फेरीत एक लाखावर लोकांनी 'अनकमिटेड', म्हणजे यातलं कुणीच नाही, हा लंबगोल भरला, गाझाच्या प्रश्नावरून बायडेनना इशारा म्हणून. हे वाचलं तेव्हा मला कडेगावची आठवण झाली.

आणि सांगली. 2014 पर्यंत ही लोकसभेची जागा वर्षानुवर्षं काँग्रेसची, मग भाजपचे संजयकाका. 2019 ला आघाडीनं जागा स्वाभिमानीला सोडली, वसंतदादांचे नातू विशाल पाटील बॅट घेऊन उभे राहिले आणि पडले. 2024 ला ती गेली उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेला, उमेदवार डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील. विशाल पाटील अपक्ष, चिन्ह लिफाफा. त्या महिन्यात लिफाफ्याचं चित्र आमच्या मशीनवरून इतकं निघालं की डीटीपीवाला पोरगा झोपेत लिफाफा काढत असेल.

निकाल सगळ्यांना माहीत आहे. लिफाफा एक लाखाहून जास्त मतांनी आला, आघाडीचा अधिकृत उमेदवार साठ हजारांच्या घरात, तिसरा. निवडून आल्यावर विशाल पाटलांनी काँग्रेसलाच पाठिंबा दिला. माझं म्हणणं असं, की 7 मे ला सांगलीत एका यंत्रावर दोन निवडणुका झाल्या. खासदार कोण ही एक. आणि आघाडीचा उमेदवार कोण असायला हवा होता ही दुसरी, जी फेब्रुवारीत व्हायला पाहिजे होती आणि मुंबईत चार माणसांनी उरकली. मतदारानं ती इथं परत घेतली. अशा वेळी पक्ष ओलांडणाऱ्याला बंडखोर म्हणतात, पण इथं आपल्या पक्षापासून लांब कोण गेलं होतं, मतदार की जागावाटप?

साताऱ्याची तर आणखी मजा. 21 ऑक्टोबर 2019 ला तिथं विधानसभा आणि लोकसभेची पोटनिवडणूक एकाच दिवशी, दोन यंत्रं शेजारी. पोटनिवडणूक लागली होती उदयनराजे राष्ट्रवादीकडून मे महिन्यात निवडून येऊन, राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले म्हणून. शिवेंद्रराजेही भाजपमध्येच आलेले. सातारा विधानसभेला शिवेंद्रराजे आरामात निवडून आले. लोकसभेला उदयनराजेंना राष्ट्रवादीच्या श्रीनिवास पाटलांनी ऐंशी हजारांहून जास्त मतांनी पाडलं. पवारसाहेबांची पावसातली सभा त्याच आठवड्यातली, आणि सगळं श्रेय पावसाला द्यायची पद्धत पडलीय. पाऊस होता, मान्य. पण एकच पक्ष, एकच राजघराणं, एकच दिवस. माझा कोरेगावचा साडू म्हणतो, "पाच महिन्यांत दुसऱ्यांदा मत मागायला आले, ते कशाला?" त्याला भाजपही चालत होता, राजेही चालत होते. नको होता तो राजीनामा.

सरपंच थेट जनतेतून निवडायची पद्धत 2017 ला आली, 2020 ला गेली, 2022 ला परत आली. तेव्हापासून सरपंच एका गटाचा आणि सदस्यांचं बहुमत दुसऱ्याचं अशा ग्रामपंचायती गावोगाव झाल्या. कार्यकर्ते म्हणतात कामं अडतात. अडतातही. लोकांनी तशी अडवूनच ठेवलीत असं मला वाटतं, पण हे माझं.

मग इकडंही प्राथमिक फेरी घ्यावी का? राहुल गांधींनी 2014 ला काही मतदारसंघांत तसा प्रयोग केला होता, महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर त्यात होते. पण मत होतं ते पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना, गावातल्या माणसाला नव्हे. दोन्ही उमेदवार पडले आणि विषय मिटला. तसली बंद खोली जरा मोठी केल्यानं काही होत नाही. घ्यायची तर मिशिगनसारखी उघडी घ्यावी. समोरच्यांनी गाड्या भरून माणसं आणली तर? आणतील. तिकडंही वायोमिंगमध्ये 2022 ला रिपब्लिकन खासदार लिझ चेनी यांनी डेमोक्रॅटांना हाक दिली, आमच्यात येऊन मला वाचवा म्हणून. बरेच आले, तरी त्या मोठ्या फरकानं पडल्या. आणि पडल्या तरी तिथल्या विधिमंडळानं पुढच्याच वर्षी ऐनवेळी पक्ष बदलायची वाट बंद करून टाकली. पक्षांना भीती हरण्याची कमी आणि परक्या माणसाचा पाय लागण्याची जास्त असते.

माझी अडचण वेगळीच आहे. मिशिगनात कोणती मतपत्रिका मागितलीस ते लिहून द्यावं लागतं, आणि ती नोंद पक्षांना मिळते. मत कुणाला ते गुप्त, पण कुठल्या दारातून आत गेलास ते उघड. डेट्रॉइटकडं शेजाऱ्याला शेजारी ओळखत नसेल, तिथं ठीक आहे. आमच्याकडं शाळेच्या वर्गात टेबलापाशी उभं राहून "मला विमानवाल्यांची द्या" म्हणायचं, आणि बाकावर दोन्हीकडचे पोलिंग एजंट बसलेले, एक चुलता आणि एक सोसायटीचा चेअरमन. संध्याकाळपर्यंत पारावर बातमी, आणि पुढच्या वर्षीचं पीककर्ज मंजूर व्हायला उशीर. कपबशीला एक आणि विमानाला एक मारणारा माणूस हे करू शकतो ते पडद्याआड एकटा असतो म्हणूनच. त्याला दारात विचारलंत तर तो मुकाट्यानं सांगितलेली मतपत्रिका घेईल. तेव्हा मिशिगनचा उघडेपणा हवा, पण त्यांचं ते लिहून देणं नको. ऑगस्टच्या कागदासारखे दोन्ही रकाने एकत्र द्या आणि माणसाला आत जाऊ द्या. फक्त सूचनेचा टाइप मोठा करा, आणि मधली रेघ चांगली जाड.

भाच्याला विचारलं, तुझं नाव आता त्यांच्या यादीत गेलं, मग पत्रकं कुणाची येतात? दोन्हीकडची येतात म्हणाला, पेटी भरून. चार रंगांत, दोन्ही बाजूंनी, जाड आर्ट पेपर. किती जीएसएमचा, ते त्याला सांगता येईना. दोन पाठवून दे म्हटलंय.